मध्यरात्री मुंबईत उतरून पुण्याला घरी कसं पोहोचायचं

मी आठ वर्षं जर्मनीत राहते आणि वर्षातून एकदा, कधी दोनदा, पुण्याला घरी येते. विमान बहुतेक वेळा रात्री साडेबारा ते तीनच्या मध्ये मुंबईला उतरतं. मधल्या काळात आई-बाबा दोनदा माझ्याकडे येऊन दोघंच परत गेले, आणि मावसभाऊ शिकायला इकडे आला तो सुट्टीत पहिल्यांदा एकटा घरी गेला. प्रत्येक वेळी मला तोच फोन आला, "बाहेर आलोय, आता काय करू?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

विमानाचं तिकीट आपण महिनाभर दर बघत बघत काढतो. उरलेल्या दीडशे किलोमीटरचा विचार मात्र बेल्टसमोर बॅगेची वाट बघताना सुरू होतो. तेव्हा डोळ्यांवर झोप असते, फोनला नेटवर्क नसतं आणि जो कोणी आपुलकीने बोलेल त्याच्यामागे आपण चालायला लागतो. गाडीचं काय ते विमानात बसायच्या आधी ठरलेलं असावं, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

१. विमानतळ आणि तारीख, दोन्ही तपासा

मुंबईला येणारी आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल २ वर उतरतात. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि तिथून देशांतर्गत उड्डाणं होतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. त्यामुळे दिल्ली किंवा बंगळूरला विमान बदलून येत असाल, तर शेवटच्या टप्प्याच्या तिकिटावर काय छापलंय ते वाचा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गाडी सहारला आणि तुम्ही नवी मुंबईत उलव्याला, असं होऊ देऊ नका.

तारखेचा घोळ याहून जास्त वेळा होतो. विमान '१५ तारखेला ००:४५' असं असेल, तर ते १४ तारखेची रात्र संपता संपता उतरतं. आपण मनात 'पंधराच्या रात्री' असं धरतो आणि गाडी पंधराच्या रात्रीची सांगतो. आमच्याकडे एकदा असंच झालं. आई-बाबा बाहेर उभे आणि ड्रायव्हर पनवेलला घरी झोपलेला, त्याच्या वहीत दुसऱ्या दिवशीची रात्र लिहिलेली. तेव्हापासून मी निरोपात असं लिहिते: "सोमवार संपून मंगळवार लागेल, त्या रात्री पाऊण वाजता." वाचायला बोजड वाटतं, पण समोरच्याला नक्की कळतं.

२. हाताशी काय हवं

हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको:

- पासपोर्ट, आणि विमान कंपनीने चिकटवलेल्या बॅगेच्या पावत्या
- कागदावर लिहिलेला घरचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि घरच्यांचे दोन फोन नंबर
- गाडीचं बुकिंग: ड्रायव्हरचं नाव, नंबर, गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम. फोनमध्ये फोटो आणि शिवाय कागदावरही
- दोन-तीन हजार रुपये रोख, त्यात शंभर-दोनशेच्या नोटा
- चार्ज केलेली पॉवर बँक

कागदावर लिहायचा आग्रह एवढ्यासाठी की विमानतळाच्या वाय-फायसाठी मोबाइलवर ओटीपी येतो, आणि परदेशी सिमचं रोमिंग बंद असेल तर तिथेच सगळं अडतं. जमलं तर निघण्याआधी दोन-तीन दिवसांचं रोमिंग चालू करून घ्या. गाडी गाठण्यासाठी एक फोन लागला तरी त्याचे पैसे वसूल होतात.

यूपीआयचं म्हणाल, तर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएई अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवर एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) जोडून ते वापरता येतं. बँकेशी आधी बोलून ते चालू करून ठेवा, विमानतळावर उभं राहून ते होत नाही.

३. किती वाजता बाहेर पडाल, त्यावर वाहन ठरतं

विमान टेकल्यापासून दारातून बाहेर पडायला मी एक ते दीड तास धरते. इमिग्रेशनची रांग, बेल्ट, कस्टम्स, आणि आपल्या आधी दोन मोठी विमानं आलेली असली तर आणखी थोडा.

*रात्री अकरा ते पहाटे पाच.* या वेळात दारातून दारापर्यंत गाडी करा. पूर्ण गाडी किंवा सीट धरून शेअर कॅब, दोन्हींपैकी काहीही चालेल. पूर्ण गाडीला मला अलीकडे साधारण तीन ते साडेचार हजार रुपये पडले आहेत, मोठी गाडी घेतली तर जास्त. शेअर कॅब एकट्या माणसाला बरीच स्वस्त पडते. पण तिथे दोन गोष्टी विचाराव्या लागतात: गाडी भरेपर्यंत किती वेळ थांबवणार, आणि पुण्यात माझा ड्रॉप कितवा. कोथरूडचा माणूस आधी विमाननगर, मग हडपसर बघून घरी पोहोचला, तर तो दीड तास जास्तीचा जातो.

*पहाटे पाचनंतर.* आता एसटी आणि रेल्वे हे पर्याय उघडतात. दादर पूर्वेच्या एशियाड थांब्यावरून पुण्याला शिवनेरी सुटतात. पुण्याच्या शेअर टॅक्सीही तिथेच मिळतात. विमानतळावरून तिथे टॅक्सीने जा. चेंबूरचा मैत्री पार्क हाही पुण्याच्या बसचा जुना थांबा. एका बॅगेचा माणूस असेल तर हे उत्तम. दोन मोठ्या बॅगा असतील तर शिवनेरीच्या डिकीत त्या मावतात, पण तिथवर त्या ओढायच्या आहेत हे लक्षात ठेवा.

*मेट्रो.* ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे आणि टर्मिनल २ ला तिचं स्वतःचं स्थानक आहे. सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, रात्री साडेदहानंतर तिचा भरवसा धरू नका. दिवसा उतरत असाल आणि सामान हलकं असेल, तर सीएसएमटीला मेट्रोने जाऊन पुण्याची गाडी पकडता येते. त्यासाठी डेक्कन क्वीन किंवा प्रगतीचं आरक्षण मात्र आधीच हवं. इथे एक फसगत आहे. मेट्रोचं दादर स्थानक पश्चिमेला, शिवसेना भवनाच्या बाजूला आहे आणि एशियाडचा थांबा पूर्वेला. मध्ये रेल्वेचे रूळ, पूल आणि दादरची गर्दी. नकाशावर ते बोटभर अंतर दिसतं. तेवीस किलोची बॅग घेऊन मी ते एकदा चालले आहे, तुम्ही चालू नका.

४. गाडी सांगताना विचारायचे प्रश्न

सगळ्यात आधी विचारा, "गाडी सीएनजी आहे का? डिकी किती मोकळी आहे?" भाड्याच्या पुष्कळ सेडान आणि हॅचबॅक सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आडवी बसते, दुसरी बसत नाही. मग ती पुढच्या सीटवर उभी करायची, तिसरी मांडीवर घ्यायची आणि पुण्यापर्यंत पाय आखडून बसायचं. दोन माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर सरळ मोठी गाडी सांगा, आणि वर कॅरिअर आहे का तेही विचारा. पावसाळ्यात कॅरिअरवर ताडपत्री आहे का हाही प्रश्न लागतो.

त्याला जोडून दुसरा: "गॅस भरून येणार ना?" नाही म्हटलं तर वाटेत पंपावर रांगेत उभं राहावं लागतं.

तिसरा पैशांचा. 'सगळं धरून' या शब्दांवर थांबू नका. टोल, विमानतळाचं पार्किंग, रात्रीचा आकार, ड्रायव्हरचा भत्ता, जीएसटी, एकेक नाव घेऊन विचारा आणि उत्तर लेखी निरोपात मागवा. विमान उशिरा आलं तर थांबण्याचे पैसे कधीपासून लागतात, हेही त्याच निरोपात असू द्या. विमानाचा नंबर मात्र जरूर कळवा, म्हणजे चांगला गाडीवाला उशीर स्वतः बघतो आणि त्याप्रमाणे निघतो.

टोलचा हिशोब तुम्हालाच माहीत असलेला बरा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला १ एप्रिल २०२३ पासून कारला एका बाजूचे ३२० रुपये लागतात. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे वाशीलासुद्धा, हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. त्या डिसेंबरात मी आले, तेव्हा ड्रायव्हर वाशीच्या खाडीपुलाजवळ म्हणाला, "ताई, इथला टोल वेगळा द्या." मी नुसतं म्हटलं, "दादा, तो बंद झाला ना?" तो "हो हो, विसरलो" म्हणाला आणि विषय मिटला. भांडावं लागलं नाही, माहिती होती म्हणून.

५. बेल्टपासून दारापर्यंत

बॅगा मिळाल्यावर घाईने बाहेर पडू नका. एकदा इमारतीबाहेर गेलात की सुरक्षेचे जवान परत आत सोडत नाहीत. न्यायला आलेल्या माणसांनाही आत येता येत नाही, ती रेलिंगपलीकडे उभी असतात. तेव्हा स्वच्छतागृह, पाणी, औषध, फोन, जे काही असेल ते आत उरकून घ्या. बॅगा मोजा, पावत्यांचे नंबर ताडून बघा. सारख्या दिसणाऱ्या काळ्या बॅगा दर विमानात निघतात.

ड्रायव्हरला फोन बॅगा ताब्यात आल्यावर करा, आधी नाही. दारासमोरच्या लेनमध्ये गाडी थांबवून ठेवता येत नाही आणि पार्किंगचं मीटर चालू होतं. त्यामुळे बरेच ड्रायव्हर बाहेर सहार रोडला कुठेतरी थांबलेले असतात आणि फोन आला की आत येतात. तुम्ही लवकर बोलावलंत तर तो येऊन ताटकळतो आणि पार्किंगची पावती तुमच्या हातात देतो. भेटायची जागा खांबाच्या किंवा पाटीच्या नंबराने ठरवा. "मी गेटसमोर उभी आहे" याला तिथे काहीही अर्थ नाही, कारण तिथे सगळेच गेटसमोर उभे असतात.

ॲपवरची कॅब मागवलीत तर ती बहुमजली पार्किंगमध्ये ठरलेल्या मजल्यावर येते. ॲपमध्ये दिलेला मजला आणि जागा वाचा, मग लिफ्टने जा. ट्रॉली तिथवर नेता येते.

६. "टॅक्सी, मॅडम?"

दारातून बाहेर पडताच दोन-तीन जण पुढे येतील. बोलणं गोड, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कधी गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. पहिल्या वर्षी असाच एक जण मला म्हणाला, "प्रीपेडच आहे, काउंटर आज पलीकडे हलवलाय." माझी ट्रॉली त्याने हातात घेतलीसुद्धा. पार्किंगच्या कोपऱ्यात पांढऱ्या पाटीची खासगी गाडी उभी होती. भाडं विचारलं तर "घरी पोहोचल्यावर बघू, तुम्ही घरच्याच आहात." मी ट्रॉली ओढून परत फिरले. तो मागे काहीबाही बोलत राहिला, पण आला नाही.

त्या रात्री शिकलेल्या गोष्टी सांगते. खरं प्रीपेड काउंटर तुमच्या मागे येत नाही, तुम्हाला त्याच्याकडे जावं लागतं. तिथे आधी पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. त्या पावतीवर पत्ता, रक्कम आणि गाडीचा नंबर बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून वाचायचं. गाडीत बसल्यावर ड्रायव्हर पावती मागेल, ती घरी पोहोचल्यावरच द्यायची.

ट्रॉलीचा दांडा स्वतःच्या हातात ठेवा. हमाली हवी असेल तर दर विचारून, नको असेल तर "नको दादा" म्हणून पुढे चालायचं. उत्तर देत थांबलात की बोलणं वाढतं.

७. बसण्याआधी नंबर पाटी बघा

भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. इलेक्ट्रिक भाड्याची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. तिला भाडं घ्यायची परवानगी नसते, आणि वाटेत काही झालं तर तुमच्या बाजूने कोणताच कागद नसतो. निरोपात आलेला नंबर आणि समोरचा नंबर वेगळा असेल तर बसू नका. "ती गाडी बिघडली म्हणून ही आणली" हे खरंही असू शकतं, पण मग ज्यांच्याकडे बुकिंग केलं त्यांना फोन करून खात्री करा, आणि नवा नंबर लेखी मागवा.

पाटीचा फोटो काढून घरी पाठवा, चालू लोकेशन शेअर करा आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात घरी फोन करा: "बसले, गाडीचा नंबर पाठवलाय, सहाच्या सुमारास पोहोचते." माझी आई त्या फोनसाठी जागीच असते. अडचण आली तर ११२ हा नंबर देशभर चालतो.

मागच्या सीटवरही पट्टा लावा. पट्टा सीटच्या खाली दाबलेला असेल तर निघण्याआधी ड्रायव्हरला तो काढून द्यायला सांगा.

८. रस्ता आणि घाट

सहारहून चेंबूर, मानखुर्द, वाशी, तिथून सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली, आणि तिथून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे. अटल सेतूची गरज विमानतळावरून पडत नाही. तो शिवडीहून निघतो, कारचा टोल २५० रुपये. कोणी "लवकर नेतो" म्हणून तिकडून न्यायला लागला तर कारण विचारा.

मध्यरात्री निघालात तर साधारण साडेतीन तास. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी निघालात तर पाच, कधी त्याहून जास्त, आणि ते सगळे खंडाळ्याच्या घाटात जातात. ड्रायव्हर म्हणेल "अमृतांजन पुलाजवळ जाम आहे." तो पूल २०२० मध्ये पाडला, नाव मात्र तिथेच राहिलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड येते आणि मुंबईत कुर्ला-सायनकडे पाणी भरतं. या महिन्यांत त्याच दिवशी पुण्यात लग्न, मुलाखत, दवाखान्याची वेळ असं काहीही ठेवू नका.

मला खरी काळजी असते ती पहाटे तीन ते पाचची. आपण मागे गाढ झोपतो आणि ड्रायव्हर कदाचित त्या रात्रीची दुसरी फेरी करत असतो. म्हणून मी बसल्यावर विचारते, "दादा, झोप झालीय का? आज कितवी ट्रिप?" राग न येता लोक खरं सांगतात. दुसरी-तिसरी असेल तर खालापूरच्या फूड मॉलला थांबायचं आधीच ठरवून टाकते. चहा मी देते, दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करायचे. घाट त्यानंतर लागतो, आणि तो चढताना मी जागी राहते, बोलत राहते. घाटात कारला ताशी ६० ची मर्यादा आहे, सपाटीला १००. वेग वाढला की सांगायचं, "निवांत चला, मला घाई नाही." एकदा बाबांनी हे सांगितल्यावर ड्रायव्हरच म्हणाला, "बरं झालं बोललात काका, सगळे घाईच करतात."

९. पुण्याला जायचं नसेल तर

मुंबईतच राहत असाल तर काम सोपं आहे. रात्री प्रीपेड किंवा ॲपची टॅक्सी, दिवसा मेट्रोही. मीटरने गेलात तर मध्यरात्र ते पहाटे पाच २५ टक्के जास्त लागतात, ती लबाडी नाही. रिक्षा उपनगरांतच चालते. पश्चिमेला वांद्र्यापुढे, पूर्वेला सायनपुढे ती जात नाही, म्हणून दादर-गिरगावसाठी टॅक्सीच.

नाशिककरांसाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ड्रायव्हर कसारा घाटाने नेणार की समृद्धीने, आणि टोल कोणाचा, ते निघतानाच ठरवा.

१०. दारात उतरताना

एक्स्प्रेसवे संपला की ड्रायव्हरला पत्ता परत सांगा, नकाशावर सोडू नका. वाकडला उतरायचं, चांदणी चौकातून कोथरूडला जायचं की स्टेशनकडे, हे किवळ्याच्या आधी बोललेलं बरं. शेअर कॅबवाला "इथून रिक्षा मिळेल" म्हणून वाकडच्या पुलाखाली सोडू पाहत असेल, तर बुकिंगचा निरोप दाखवा. दारापर्यंतचे पैसे घेतले असतील तर दारापर्यंत सोडणं त्याचं काम आहे.

पैसे बॅगा उतरवून झाल्यावर द्या. डिकी, मागची सीट, सीटखालची जागा, दाराचे कप्पे, सगळीकडे फोनचा दिवा मारून बघा. बाबांची रोजच्या गोळ्यांची पिशवी एकदा पुढच्या सीटच्या मागच्या जाळीत राहिली होती. ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहिलेला होता म्हणून सकाळी साडेसहाला फोन करता आला. तो तोवर देहूरोडला पोहोचला होता. परत येऊन देऊन गेला, आणि आईने त्याला पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.